निवड दिली, पण तिला वजन कुठंय?

प्रश्न : ट्वाइनमध्ये (पर्याय निवडत पुढे जाणाऱ्या गोष्टी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मराठी रोल-प्लेइंग गेम लिहितोय. प्रत्येक प्रसंगात दोन पर्याय दिले, तर फाटे हाताबाहेर गेले. म्हणून ते पुन्हा एकत्र आणले. आता खेळणारे म्हणतात, "काहीही निवडा, तेच होतं." काय करू?

उत्तर : फाटे जोडलेत हे बरोबरच केलंत. सलग दहा वेळा दोन पर्याय म्हणजे १,०२४ शेवट आणि एकूण २,०४७ परिच्छेद. एकट्याने लिहिणं-तपासणं अशक्य. चूक एवढीच, की फाटे जोडताना निवडीची आठवणही पुसली गेली.

समजा, तुमच्या गेममध्ये खेळाडू पाटलाशी खोटं बोलला. त्याबरोबर 'सेट' या आज्ञेने एक व्हेरिएबल (निवड लक्षात ठेवणारी नोंद) 'ट्रू', म्हणजे 'हो' करा. दोन-तीन परिच्छेदांनी, जिथे फाटे जुळलेत तिथे 'इफ' ही अट लावून पाटलाचं एक वाक्य बदला. पुढे कधीतरी त्याच व्हेरिएबलवर एक वाट बंद करा: रात्री पाटील दार उघडत नाही. वाक्याने आठवण दिसते, बंद दाराने किंमत कळते, दोन्ही हवंच. हार्लो (ट्वाइनमध्ये आज्ञा लिहायची एक पद्धत) वापरत असाल, तर 'स्टार्टअप' टॅगच्या परिच्छेदात सगळी व्हेरिएबल्स आधीच 'फॉल्स', म्हणजे 'नाही' करून ठेवा. नाहीतर न भरलेलं व्हेरिएबल शून्य धरलं जातं आणि 'इफ' एरर देतो.

परिणाम लगेच दाखवू नका, नाहीतर खेळाडू आधीचा सेव्ह उघडून मागे जातो आणि निवड बदलतो. 'द विचर ३' (२०१५) या गेममध्ये झाडात कोंडलेल्या आत्म्याला सोडलं, तर सहसा दलदलीतली पोरं वाचतात. पण पुढे बॅरन या तिथल्या सरदाराची बायको मरते आणि तो गळफास घेतो. आत्म्याला मारलं, तर बॅरन जगतो, पोरं मरतात. हे कळेपर्यंत खेळ बराच पुढे सरकलेला असतो. मात्र आत्मा धोकादायक असल्याची कुणकुण आधी मिळालेली असते, म्हणून धक्का बसला तरी फसवणूक वाटत नाही. ही कुणकुण पेरायला विसरू नका.

पर्यायाचे शब्दही तपासा. 'फॉलआउट ४' मध्ये पर्याय दोन-तीन शब्दांचे, पात्र बोलतं भलतंच. खेळाडू चिडले ते त्यावरच.

प्रश्न : चांगल्या-वाईट वागण्याला गुण द्यावेत का?

उत्तर : शक्यतो नको. 'मास इफेक्ट २' मध्ये काही संवाद भरपूर गुण साठल्याशिवाय उघडत नाहीत. मग खेळाडू प्रसंग न वाचता दर वेळी एकाच बाजूचा पर्याय दाबतो. त्यापेक्षा कोणत्या पात्राशी कसं वागलात, तेवढंच नोंदवा.