दुसरा गिअर खरखरतोय म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सांगलीत सेकंडहँड स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतलीय, जुनी १.८ टर्बो मॅन्युअल, सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर खरखरत पडतो, तिसऱ्यावरून खाली दुसरा टाकताना तर जास्तच, रिव्हर्सपण कधीकधी दात वाजवतो, आणि गॅरेजवाल्यानं सांगितलंय की गिअरबॉक्स उतरवून पूर्ण ओव्हरहॉल करायला लागेल. माझं म्हणणं, थांबा. माझ्याकडं साताऱ्यात हीच गाडी आहे आणि जीव आहे माझा तिच्यावर, म्हणून जरा लांबण लागली तरी सगळं नीट सांगतो.

आधी हे ठरवा की दोष क्लचकडचा आहे का गिअरकडचा. गिअर खरखरण्याचं कारण दरवेळी गिअरबॉक्सच्या आतच असतं असं नाही, बऱ्याचदा क्लच पूर्ण सुटतच नसतो, पेडल तळाला टेकलं तरी क्लच प्लेट इंजिनच्या फ्लायव्हीलला (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला) थोडी घासत राहते, त्यामुळं इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये नेणारा दांडा, फिरत राहतो आणि मग फिरत्या शाफ्टवर गिअर टाकला की दात वाजणारच. हे ओळखायला एक रुपया खर्च नाही. गाडी बंद ठेवा, क्लच दाबा, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे गिअर टाकून बघा. आता गाडी चालू करा, न्यूट्रलमध्ये आयडलिंगला राहू द्या, क्लच पूर्ण दाबून मनात पाच अंक मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गिअरबॉक्सना रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडायच्या आधी दोन्हीकडचा वेग जुळवणारी यंत्रणा) नसतो त्यामुळं क्लच दाबल्या दाबल्या रिव्हर्स टाकला तर थोडं वाजणं समजू शकतो, पण पाच सेकंद थांबूनही वाजत असेल तर क्लच सुटत नाही हे जवळपास नक्की. बंद गाडीत सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू गाडीत सगळेच जड जातात, तरी क्लचच. बंद गाडीतसुद्धा जड असतील तर केबल, बुश, माउंटिंग. आणि बाकी सगळे व्यवस्थित पण फक्त दुसराच त्रास देतोय तर मग सिंक्रोवर संशय घ्यायचा. तुमच्याकडं दुसरा आणि रिव्हर्स दोन्ही आहेत म्हणून मला क्लचचाच संशय येतोय, पण टेस्ट करूनच ठरवा.

क्लचकडं वळायच्या आधी पायाखालचं मॅट काढा. खरंच काढा. आजकाल ते जाड थ्रीडी मॅट टाकतात सगळे, त्याची कड पेडलखाली येते, पेडल तळापर्यंत जातच नाही आणि माणूस गिअरबॉक्सला दोष देत बसतो. मॅट काढून एक चक्कर मारा आणि मग पुढं जा.

ह्या गाडीत क्लच हायड्रॉलिक आहे आणि त्याचं फ्लुइड वेगळ्या डब्यात नसतं, ब्रेकच्याच डब्यातून जातं. डब्यात क्लचच्या पाइपचं तोंड ब्रेकच्या तोंडापेक्षा वर असतं, म्हणजे लेव्हल खाली गेली की ब्रेकच्या आधी क्लचच्या लाइनमध्ये हवा शिरते, ब्रेक सुरक्षित राहावेत म्हणून ही रचना, पण ब्रेक ठीक लागतायत म्हणजे फ्लुइड ठीक आहे असा गैरसमज त्यातूनच होतो. डॉट ४ फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर काय हवा असते ते सांगायला नको, त्यामुळं दर दोन वर्षांनी बदलायचंच. ब्रेकवाल्यांनी बदललं असेल तर नक्की विचारा की क्लचच्या निपलमधून (एअर आणि जुनं फ्लुइड काढायच्या छोट्या तोंडातून) काढलं का, कारण बहुतेक जण चार चाकांची एअर काढतात आणि क्लच तसाच सोडतात, त्या लाइनमध्ये काळंकुट्ट जुनं फ्लुइड तसंच राहतं. स्लेव्ह सिलेंडर, म्हणजे फ्लुइडच्या दाबानं क्लच सोडवणारा सिलेंडर, ह्या गिअरबॉक्सला बाहेरून बसलेला आहे, एअर काढायचा निपल तिथंच आहे, त्यामुळं हे काम गिअरबॉक्स न उतरवता होतं. एअर काढल्यावर पेडल चांगलं वाटलं आणि काही दिवसांत पुन्हा खाली गेलं तर मास्टर (पेडलकडचा सिलेंडर) किंवा स्लेव्हचा सील गेलाय. मास्टरची गळती ड्रायव्हरच्या पायाशी, पेडलच्या वर ओलसर दिसते, स्लेव्हची बॉनेटखाली. एक गेला असेल तर दोन्ही बदला, दुसरापण त्याच वयाचा आहे.

आता ऑइल, ह्यावर जरा रेंगाळतो कारण इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. गिअर ऑइल म्हणून दुकानदार जे देईल ते ओतू नका. डब्यावर जीएल ४ (हा ऑइलचा दर्जा) पाहिजे, ७५डब्ल्यू ९० (हा घट्टपणा), साधारण दोन लिटर लागतं. जीएल ५ हे मागच्या ॲक्सलच्या डिफरन्शियलसाठी (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसाठी) असतं, त्यात सल्फर फॉस्फरसचे ॲडिटिव्ह जास्त असतात, दातांवर प्रचंड दाब येतो तिथं ते उत्तम, पण सिंक्रोची रिंग पितळेची असते आणि तिला हे ॲडिटिव्ह कालांतरानं खाऊ शकतात. शिवाय सिंक्रोचं कामच घर्षणावर चालतं, रिंग गिअरच्या कोनाला घासून दोघांचा वेग एक करते आणि मगच स्लीव्ह (गिअरला शाफ्टशी जोडणारी सरकती कडी) आत सरकते. ऑइल फार निसरडं झालं की रिंग पकडच घेत नाही, स्लीव्ह आधी पोचते आणि खर्रर्र. पाच नंबर चारपेक्षा मोठा म्हणजे ऑइल भारी, असं काउंटरवर सांगतात, ते ऐकू नका.

बदलताना आधी भरायचा बोल्ट सैल करून बघा, मगच खालचा ड्रेन उघडा. भरायचा बोल्ट जाम असेल आणि ऑइल आधीच सांडलं असेल तर गाडी जागेवर अडकली. दोन्हीला सतरा नंबरची ॲलन की लागते. गाडी थोडी फिरवून ऑइल कोमट असताना काढा आणि सपाट जागेवर भरण्याच्या भोकातून बाहेर यायला लागेपर्यंत भरा. आणि काढलेलं ऑइल फेकू नका! स्वच्छ पांढऱ्या ट्रेमध्ये घ्या, उन्हात बघा, लोहचुंबक फिरवा. चुंबकाला करडी मऊ पेस्ट लागली तर ती नेहमीची झीज. पिवळी सोनेरी चमक दिसली आणि ती चुंबकाला चिकटत नसेल तर सिंक्रोचं पितळ. लोखंडाचे तुकडे, विशेषतः रिव्हेटचं डोकं वाटावं असा काही तुकडा मिळाला तर गाडी चालवूच नका, कारण ह्या गिअरबॉक्समध्ये क्राउन व्हील, म्हणजे डिफरन्शियलचं मोठं दातेरी चाक, डिफरन्शियलला रिव्हेटनं बसवलेलं असतं आणि ते रिव्हेट सुटून केसिंग फोडल्याची उदाहरणं जगभर आहेत. तुमच्या आधीच्या मालकानं रिमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) ताकद वाढवली होती का हे म्हणूनच विचारून घ्या.

केबलचं थोडक्यात सांगतो. गिअर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल येतात, टोकाला प्लास्टिकचे बुश असतात, ते झिजले की लिव्हर ढिला होतो आणि गिअर पूर्ण पोचत नाही. बॉनेट उघडून एकाला लिव्हर हलवायला सांगा, तुम्ही वरून बघा, लिव्हर हलतो पण गिअरबॉक्सच्या वरचा, केबलला जोडलेला आर्म उशिरा हलतो का ते लगेच दिसेल. इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंगपण बघा, रबर फाटलं की ॲक्सिलरेटर सोडताना इंजिन झुलतं आणि केबल ओढली जाते.

हे सगळं ठीक निघालं आणि तरी फक्त दुसराच वाजतोय, तर मग सिंक्रो, आणि तेव्हा गिअरबॉक्स उतरवायला माझी हरकत नाही. दुसऱ्यालाच जास्त मार का बसतो तर तिसऱ्यात तीन हजार आरपीएमवर असताना दुसरा टाकला की इंजिनला साडेचार हजारांच्या आसपास जावं लागतं आणि क्लच दाबलेला असताना तेवढा फरक ती बिचारी छोटी रिंग एकटी भरून काढते. पसरणी घाट किंवा यवतेश्वर चढताना आपण हा गिअर किती वेळा टाकतो बघा, सिंक्रो काय म्हणत असेल. उतरवलाच तर नुसती रिंग टाकून परत बसवू देऊ नका, गिअरचे छोटे दात आणि स्लीव्ह गोल झालीय का ते बघा, गोल झाली असेल तर नवी रिंगसुद्धा फार टिकणार नाही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, इनपुट शाफ्टचा आणि क्रँकचा मागचा सील त्याच वेळी बघून घ्या, कारण खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते, आणि ती परत द्यायला लागू नये.

तोपर्यंत गाडी चालवायची असेल तर डबल क्लच करा. तिसऱ्यावरून दुसरा टाकताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, थोडा ॲक्सिलरेटर, परत क्लच, मग दुसरा. जुने एसटीचे ड्रायव्हर असंच चालवायचे. थोडा सराव लागतो पण ह्यात सिंक्रोवर जवळपास भारच येत नाही आणि हातालाही मजा येते. डबल क्लच करून गिअर गुपचूप पडत असेल आणि एरवी वाजत असेल तर तेही सिंक्रोकडंच बोट दाखवतं. डिसेंबर जानेवारीत सकाळी पहिले चार पाच किलोमीटर घाई करू नका, ऑइल घट्ट असतं, थोडं जड जाणं दोष नाही. आणि गिअर लिव्हरवर हात ठेवून चालवायची सवय असेल तर सोडा, तुमच्या हाताचा दाब आत फोर्कवर (स्लीव्ह सरकवणाऱ्या काट्यावर) जातो.

आधी मॅट, मग दोन्ही टेस्ट, मग क्लचची एअर, मग ऑइल. पाच मोजून रिव्हर्स टाकल्यावर वाजतोय का आणि ऑइलमध्ये पिवळं दिसतंय का, एवढं खाली लिहा, त्यावरून पुढचं सांगतो. साताऱ्याकडं येणं होणार असेल तर गाडी घेऊन या, एमआयडीसीत एक मिस्त्री आहेत ते गिअरबॉक्स खोलायच्या आधी तासभर नुसता त्याचा आवाज ऐकतात, त्यांना दाखवू.