इंटरनेटनंतर शाळेत ग्रंथपालाची गरज उरली आहे का?

इंटरनेट आल्यावर शालेय ग्रंथालये कशी बदलली आणि आता तिथे ग्रंथपालाची गरज काय, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देते. पुस्तकांची नोंद असलेल्या कार्डांच्या (तालिकापत्रांच्या) खणांची जागा संगणकीय तालिकेने घेतली, देवघेव बारकोडवर आली, ‘कोहा’सारखी ग्रंथालयाचे कामकाज चालवणारी मुक्त संगणक प्रणाली २००० सालापासून विनामूल्य उपलब्ध झाली आणि ब्रिटानिका विश्वकोशाची छापील आवृत्ती बंद होत असल्याचे २०१२ मध्ये जाहीर झाले. दुसरा प्रश्न मात्र मी नोकरीत समोरासमोर ऐकला आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी ज्या शाळेत ग्रंथपाल होते, तिथल्या मुख्याध्यापकांना संदर्भग्रंथांची कपाटे हलवून त्या जागी संगणक ठेवायचे होते. एका बैठकीत त्यांनी विश्वकोशाचा एक खंड उघडला, सूर्यमालेत नऊ ग्रह असल्याचे वाक्य सर्वांसमोर वाचून दाखवले आणि अशी कालबाह्य पुस्तके जपण्यासाठी स्वतंत्र माणूस कशाला हवा, असे विचारले. वाक्य कालबाह्य होते, यात शंका नाही. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही.

त्यानंतर सातवीच्या एका वर्गाला मी तोच विषय संगणक कक्षात शोधायला दिला. काहींनी आठ ग्रह लिहून आणले, काहींनी नऊ, आणि प्रत्येकाचा आधार ‘नेटवर आहे’ एवढाच होता. पान कोणी लिहिले, केव्हा लिहिले, हे एकानेही पाहिले नव्हते. बहुतेक पानांवर ते सहज सापडण्यासारखेही नव्हते. मग मी तोच बदनाम खंड मागवला आणि मुलांना मुखपृष्ठानंतरच्या पानामागे छापलेले प्रकाशनवर्ष शोधायला सांगितले. ते २००६ पूर्वीचे निघाले. २००६ च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली: त्याने सूर्याभोवती फिरावे, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने तो जवळपास गोल असावा आणि आपल्या कक्षेचा परिसर त्याने मोकळा केलेला असावा. तिसरी अट प्लूटो पूर्ण करत नाही, म्हणून तो बटुग्रह ठरला. हा निर्णय मुलांनी संघाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधून काढला, आणि पुस्तकातले नऊ व पडद्यावरचे आठ यांचा मेळ त्यांचा त्यांनीच लावला. चुकीची माहिती कपाटातही होती आणि इंटरनेटवरही होती. फरक एवढाच की पुस्तकाने आपले वय लपवले नव्हते.

माझ्या मते शालेय ग्रंथालयाचे जुळवून घेणे म्हणजे नेमके हेच काम आहे. संगणक आणून ठेवणे हा खरेदीचा विषय झाला. एका पानावर विसंबून न राहता दुसरे काही टॅब उघडून त्या पानाच्या लेखकाविषयी इतर काय म्हणतात ते पाहायला शिकवणे, विकिपीडियावरच्या लेखाच्या तळटीपांपर्यंत मुलाला नेणे, उतरवून घेतलेल्या मजकुराचा स्रोत वहीत लिहायला लावणे, हे तासिकेत बसून करावे लागते आणि त्यासाठी प्रशिक्षित माणूस लागतो. संगणक शिक्षक यंत्र चालवायला शिकवतात, विषय शिक्षकांना अभ्यासक्रम संपवायचा असतो; मग हे काम करणार कोण, याचे उत्तर त्या बैठकीत कोणी दिले नाही. शिवाय लिंक आज असते आणि उद्या नसते, हेही कपाटे हलवणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे होते.

जुने ते सर्व ठेवावे, असे मात्र माझे म्हणणे नाही. सोव्हिएत संघ दाखवणारे नकाशासंग्रह, बाद झालेली आरोग्यविषयक माहिती, फाटकी मार्गदर्शके यांचे वेळोवेळी निर्लेखन, म्हणजे नोंदीतून कमी करून ती काढून टाकणे, झालेच पाहिजे, आणि पुष्कळ ग्रंथपाल ते टाळतात, ही तक्रार रास्त आहे. जिथे पूर्णवेळ ग्रंथपालच नाही, तिथे एखाद्या आवड असलेल्या शिक्षकाला आठवड्याच्या काही तासिका या कामासाठी मोकळ्या करून द्याव्यात.

आपल्या शाळेत हा वाद सुरू असेल, तर संगणक किती आणायचे यावर बोलणे आधी थांबवा आणि वेळापत्रक मागून घ्या. त्यात ग्रंथालयाची तासिका आहे का, ती परीक्षेच्या तयारीसाठी परस्पर वापरली जाते का आणि त्या वेळी मुलांसोबत कोण असते, हे लेखी विचारा. माझ्याकडे त्या बैठकीत वेळापत्रकाची प्रत असती, तर चर्चा ग्रहांच्या संख्येवर अडली नसती.