अमेरिकेत नव्याने आलात? क्रेडिट असं उभं करा

भारतातला सिबिल स्कोअर इथे आपोआप येत नाही, पाटी कोरीच असते. एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) हातात पडला की आपलं खातं असलेल्या बँकेत सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड मागा. २०० ते ५०० डॉलर अनामत ठेवायची, साधारण तेवढीच लिमिट मिळते. वार्षिक फी नसलेलंच घ्या.

बहुतेक जण चुकतात ते तारखांत. समजा लिमिट ३०० डॉलर, किराण्याला २७० गेले आणि स्टेटमेंट १२ तारखेला निघालं. पुढे वेळेत सगळे भरलेत तरी क्रेडिट ब्युरोकडे (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे) सहसा स्टेटमेंटवरचाच आकडा जातो, म्हणजे ९० टक्के वापर, आणि स्कोअर खाली. म्हणून १० तारखेलाच २५० भरून टाका, उरलेले २० ड्यू डेटच्या आत. व्याज शून्य. थोडी बाकी ठेवली की स्कोअर वाढतो, हे साफ खोटं आहे, कृपया कुणाचं ऐकू नका!

ऑटोपे पहिल्याच दिवशी लावा. ३० दिवस उशीर झाला तर नोंद ७ वर्षं राहते.

फायको, म्हणजे इथला प्रमुख क्रेडिट स्कोअर, दिसायला निदान ६ महिने लागतात. तोवर दुकानादुकानांतून कार्डांचे अर्ज करू नका, प्रत्येक हार्ड इन्क्वायरी (अर्जामुळे होणारी क्रेडिट तपासणी) रिपोर्टवर २ वर्षं राहते.