सेन्सर बिघडलाय की सेन्सर खरं बोलतोय?

पावसाळा सरता सरता चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेल्या गाड्यांची पत्रं वाढतात, पण या वेळी ऑक्सिजन सेन्सरवरच एवढी आलीत की एसी आणि क्लचवाल्यांनी कृपया पुढच्या अंकापर्यंत थांबा.

प्रश्न : नमस्कार सर, मी घोडबंदर रोडला राहतो, ऑफिस वागळे इस्टेटला. गाडी २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किलोमीटर झालेत. दोन महिन्यांपूर्वी चेक इंजिन लाईट लागली, गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला तर पी०१७१ कोड आला, म्हणाला ऑक्सिजन सेन्सर गेलाय, साडेसहा हजार घेऊन नवीन टाकला. पंधरा दिवसांत दिवा परत हजर! आता तो म्हणतो ई-२० पेट्रोलमुळे होतंय, काही इलाज नाही. ॲव्हरेज १६ वरून १२ वर आलंय, प्लग काढले तर काळेकुट्ट. सकाळी गाडी चालू केली की पुढून फटफट असा बारीक आवाज येतो, दहा मिनिटांत जातो. दुसरा सेन्सर टाकू का?

उत्तर : नका टाकू. तुमचा जुना सेन्सर बहुतेक चांगला होता, नवीनही चांगलाच आहे, आणि उत्तर तुमच्याच पत्रात दोन वाक्यांत दडलेलं आहे, पण त्याआधी हा सेन्सर करतो काय ते बघू म्हणजे गॅरेजमध्ये बोलता येईल.

पेट्रोल नीट जळायला १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा जास्त झाली तर गाडी लीन, पेट्रोल जास्त झालं तर रिच. इंजिनचा कॉम्प्युटर आत येणारी हवा बघून अंदाजाने पेट्रोल सोडतो, पण अंदाज तो अंदाज, म्हणून धुरात ऑक्सिजन किती उरला ते बघायला सायलेन्सरच्या पाईपात हा सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या टोकाला झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकचं, शिंप्याच्या अंगुस्तानासारखं पोकळ टोपण असतं, दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा पातळ थर. बाहेरून धूर लागतो, आतून बाहेरची साधी हवा, जिच्यात २१ टक्के ऑक्सिजन. टोपण ३००-३५० डिग्रीपर्यंत तापलं की त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकायला लागतात आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक तेवढं व्होल्टेज तयार होतं. म्हणजे गाडी रिच असेल, धुरात ऑक्सिजन जवळपास नाहीच, तर ०.८-०.९ व्होल्ट. लीन असेल तर ०.१-०.२. ऑक्सिजन जास्त तर व्होल्टेज कमी, हे उलटं गणित डोक्यात बसायला जरा वेळ लागतो.

आता गंमत बघा, हा साधा सेन्सर लीन किंवा रिच एवढंच सांगतो, किती ते धड सांगत नाही. आंघोळीच्या बादलीत विसण घालतो तसं चालतं सगळं, हात घातला, कढत लागलं, थोडं गार ओतलं, गार झालं, परत थोडं गरम. कॉम्प्युटर सेकंदाला एक-दोनदा असं पेट्रोल वरखाली करत राहतो आणि सेन्सरचं व्होल्टेज ०.४५च्या वरखाली नाचत राहतं, ते नाचलं पाहिजे, एका जागी थिजलं तर काळजी.

पी०१७१ चा अर्थ 'सेन्सर खराब' असा नाहीच मुळी. अर्थ असा की धुरात ऑक्सिजन जास्त दिसतोय, मी पेट्रोल वाढवून वाढवून थकलो तरी कमी होत नाही. निरोप आणणाऱ्याला हाकलून तुम्ही नवीन निरोप्या ठेवलात, निरोप तोच राहिला.

मग ऑक्सिजन येतो कुठून? तुमचे प्लग काळे आहेत, म्हणजे आत प्रत्यक्षात पेट्रोल जास्त जळतंय, गाडी रिच आहे आणि कोड मात्र लीनचा. हे दोन्ही एकदम खरं असायची मोठी शक्यता एकच, की ऑक्सिजन इंजिनातून येत नाहीये, सेन्सरच्या आधी कुठून तरी पाईपात घुसतोय. आणि तुमची सकाळची फटफट! एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून निघणारा धूर गोळा करणारा पहिला पाईप) गॅस्केट, म्हणजे जोडातली सील-पट्टी, फुटलंय किंवा मॅनिफोल्डला बारीक चीर आहे, लोखंड तापून फुगलं की फट दाबली जाते आणि आवाज बंद होतो, फट पूर्ण बुजते असं नाही. तुम्ही म्हणाल गळती असेल तर धूर बाहेर येईल, हवा आत कशी जाईल. धूर एकसारखा वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो, दोन धक्क्यांच्या मध्ये पाईपात क्षणभर दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो तेवढ्यात हवा आत खेचली जाते. सेन्सर म्हणतो लीन, कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल वाढवतो, ॲव्हरेज १२.

ई-२०चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं म्हणाल तर इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे १४.७ ऐवजी साधारण १३.५ हवा पुरते, म्हणजे ई-१० (१० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोल) पेक्षा ४-५ टक्के जास्त पेट्रोल सोडावं लागतं. एवढी दुरुस्ती सेन्सर आणि कॉम्प्युटर मिळून सहज करतात. ई-२० ने ॲव्हरेज थोडं पडतं हे खरंय, पण १६ चं १२ नाही, आणि प्लग काळे तर नाहीच.

करायचं काय तर, रात्रभर उभी गाडी सकाळी दुसऱ्याला चालू करायला सांगा आणि बोनेट उघडून मॅनिफोल्डजवळ कान द्या (हात लावू नका, भाजेल). जोडाजवळ काजळीचा काळा पट्टा दिसतो का बघा. हे बिल्डिंगच्या बंद पार्किंगमध्ये करू नका, बाहेर मोकळ्यावर करा, धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. गॅस्केट बदललं की स्कॅनरने कोड आणि शिकलेलं फ्युएल ट्रिम (पेट्रोल वाढवायची कॉम्प्युटरला लागलेली सवय) दोन्ही पुसून घ्या. आणि जुना सेन्सर गॅरेजवाल्याकडून मागून आणा, तुमचाच आहे तो.

प्रश्न : दादा, नेरूळला स्टेशनजवळ पाणी साचलं होतं त्यातून गाडी काढली, बंद पडली नाही पण दुसऱ्या दिवशी दिवा लागला, कोड पी०१४१. गॅरेजवाले म्हणतात मागचा सेन्सर काढून टाकू किंवा बाहेर सरकवून बसवू, गाडीला काही फरक पडत नाही. खरंय का?

उत्तर : ताई, अर्धं खरं आहे म्हणूनच घातक आहे. पेट्रोलचा हिशोब मुख्यतः पुढचा सेन्सर बघतो. मागचा बसतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या नंतर, तिथून निघालेल्या धुरावर. त्याचं काम कन्व्हर्टरवर नजर ठेवायचं. कन्व्हर्टर चांगला असेल तर तो ऑक्सिजन साठवतो-सोडतो, त्यामुळे पुढचा सेन्सर नाचत असला तरी मागचा शांत बसतो. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की समजायचं कन्व्हर्टर संपला, तेव्हा पी०४२० येतो. तो काढणं म्हणजे सोसायटीच्या वॉचमनला सुट्टी देऊन चोरी होत नाही म्हणण्यासारखं. पीयूसीच्या कागदावर लॅम्डा नावाचा आकडा असतो ना (हवा-पेट्रोलचं प्रमाण अगदी बरोबर असेल तर १), बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना तो १च्या ०.०३ इकडेतिकडे लागतो, हे सगळं जुगाड तिथे एक दिवस बाहेर येतं.

तुमचा कोड मात्र कन्व्हर्टरचा नाहीये, मागच्या सेन्सरच्या हीटरचा आहे. धूर तापेपर्यंत थांबायला नको म्हणून आत छोटा हीटर असतो. आधी फ्यूज बघायला सांगा, पाणी शिरून शॉर्ट झालं की तोच पहिला जातो. मग कनेक्टर उघडून हिरवा गंज आहे का बघा. मग मल्टिमीटरने हीटरच्या दोन एकाच रंगाच्या वायरींमध्ये रेझिस्टन्स, काही ओहम आला तर हीटर जिवंत, मीटरने सर्किट तुटलेलं (ओपन) दाखवलं तर हीटर तुटला. तापलेल्या सिरॅमिकवर गार पाणी पडलं की ते तडकतं, त्यात सेन्सरचा दोष नाही. एक सांभाळा, कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा स्प्रे मारू देऊ नका. बऱ्याच सेन्सरना आतली साधी हवा वायरींच्या आतूनच मिळते, तीच कोंडली तर रीडिंग चुकतं.

प्रश्न : कळव्याहून, टॅक्सी चालवतो. सीएनजीला हवेचं प्रमाण वेगळं म्हणतात, मग पेट्रोलचा सेन्सर सीएनजीवर चालतो कसा? आणि किती किलोमीटरला बदलायचा?

उत्तर : वेगळं आहे, सीएनजीला १७च्या थोडं वर. पण सेन्सरला इंधन कुठलं ते कळतच नाही भाऊ, तो फक्त उरलेला ऑक्सिजन बघतो, म्हणून दोन्हीवर चालतो. किलोमीटरचं म्हणाल तर हीटरवाला सेन्सर लाखाच्या पुढे आरामात जातो, तारीख बघून बदलू नका, सुस्त झालाय का ते स्कॅनरवर बघून बदला. त्याला मारतात ते विष वेगळंच, जळणारं ऑईल, गळणारा कूलंट, आणि सिलिकॉन. मी स्वतः एकदा व्हॉल्व्ह कव्हर बसवताना घरात पडलेला कुठलातरी साधा सिलिकॉन सीलंट भसाभस लावला, महिन्याभरात सेन्सरचं टोक पांढरं. सेन्सर-सेफ लिहिलेलाच वापरा. आणि इंजिन मिसिंग करत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल मधूनमधून जळतच नसेल, तर आधी प्लग-कॉईल बघा, न जळलेल्या हवेतला ऑक्सिजन थेट सेन्सरवर जातो आणि आत एवढं कच्चं पेट्रोल असूनही तो लीन म्हणतो. खोटं नाही बोलत, त्याला पेट्रोल दिसतच नाही.

प्रश्न : काका, मी ऐरोलीत राहतो, डिप्लोमा मेकॅनिकलला आहे. आमच्या पुस्तकात एका ओळीत 'नर्न्स्टच्या समीकरणावर चालतो' एवढंच दिलंय. आणि वाईडबँड म्हणजे काय?

उत्तर : नर्न्स्ट म्हणजे जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नर्न्स्ट, १९२०चं नोबेल. दोन बाजूंच्या ऑक्सिजनच्या दाबाच्या गुणोत्तराचा लॉगरिदम आणि तापमान यावरून व्होल्टेज निघतं. म्हणूनच तर १४.७ पाशी व्होल्टेज एकदम उडी मारतं, तिथे ऑक्सिजन थोडाथोडका नाही, कित्येक पटींनी बदलतो. मला आवडतं ते पुढचं, याच माणसाने विजेचा एक दिवा बनवला होता, झिर्कोनियाच्याच कांडीचा, आणि ती कांडीही आधी तापवल्याशिवाय वीज वाहू द्यायची नाही. तोच स्वभाव पुढे मोटारीच्या धुरात कामाला आला, बॉशचा लॅम्डा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांमध्ये पहिल्यांदा बसला.

वाईडबँडमध्ये त्याच झिर्कोनियाच्या पेशीला (वर सांगितलेलं व्होल्टेज देणारा भाग) अजून एक पेशी जोडलेली असते, ती छोट्या पोकळीतला ऑक्सिजन आत-बाहेर पंप करते आणि पोकळी कायम बरोबर प्रमाणावर ठेवते. त्यासाठी करंट किती लागला त्यावरून लीन किती, रिच किती हे आकड्यात कळतं. विसणाच्या बादलीत हात घालण्याऐवजी थर्मामीटर घातला समज. डिझेल गाडीत साधा सेन्सर उपयोगाचा नसतो कारण डिझेल चालतंच लीनवर, तिथे हाच लागतो.

हे वाचून कळणार नाही, करून बघ. गॅरेजमधून जुना चार वायरींचा बॉशचा सेन्सर माग, काळी वायर सिग्नल, राखाडी ग्राउंड, दोन पांढऱ्या हीटरच्या. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सरांसमोर वाईसमध्ये पकड, मल्टिमीटर डीसी २ व्होल्टवर, आणि ब्लो टॉर्चची ज्योत टोकावर धर. मिनिटभर काही होणार नाही, धीर सोडू नको. टोक लाल व्हायला लागलं की आकडा ०.६-०.८च्या वर जाईल, ज्योत बाजूला घेतली की धाडकन खाली, परत आणली की परत वर. जेवढ्या पटकन पडतो तेवढा सेन्सर चांगला. तुला चालू सापडला तर मला लिहून कळव, गॅरेजवाल्याने तो का काढला होता तेही विचारून घे.