कॅथलिक मुलीने प्रोटेस्टंट सासरी पुन्हा बाप्तिस्मा का घ्यायचा?

तुमच्या बहिणीचा लहानपणी कॅथलिक चर्चमध्ये स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, झालाय आणि आता सासरचे पाळक ‘पाण्यात बुडून बाप्तिस्मा घे’ म्हणतात. मी नवापूरचा, घराणं प्रोटेस्टंट, बायको वसईची कॅथलिक. हा वाद आमच्याकडे लग्नाआधी वर्षभर चालला.

पाळकांच्या लेखी हे ‘पुन्हा’ नसतंच. बाप्तिस्मा म्हणजे कळत्या वयात स्वतः दिलेली कबुली, असं ते मानतात. तान्ह्या बाळाने कसली कबुली दिली? म्हणून ते बाप्तिस्म्याला ‘विधी’ म्हणतात.

कॅथलिक त्याला ‘संस्कार’ म्हणतात. तिथे करणारा देव, माणूस फक्त घेणारा. असे सात संस्कार, आणि बाप्तिस्म्याचा ठसा कायमचा, म्हणून तो एकदाच. पाणी आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांचं नाव असेल तर दुसऱ्या पंथाचा बाप्तिस्माही ते मानतात. माझा रंगावली नदीच्या पाण्यातला बाप्तिस्मा वसईच्या फादरांनी दाखला पाहून मान्य केला. लग्नाला बिशपांची परवानगी तेवढी लागली.

पण सगळे प्रोटेस्टंट असे नाहीत हं. लुथरन, अँग्लिकन बाळांना बाप्तिस्मा देतात. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात तर दोन्ही रीती चालतात, कारण एकत्र आलेल्या पंथांत कळत्या वयातच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्ट आणि ब्रेदरनही होते. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या प्रोटेस्टंट पंथात तर बाप्तिस्मा नाही, आणि येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर-द्राक्षरस घेण्याचं प्रभुभोजनही नाही.

खरी अडचण प्रभुभोजनाची. भाकरीबद्दल येशू म्हणाला, ‘हे माझे शरीर आहे’; यातल्या ‘आहे’वरून १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली या प्रोटेस्टंट पुढाऱ्यांचंच फिसकटलं, तिथे आपण कोण! आमच्या मंडळीत काळ्या मनुका उकळून रस करतात. उपासना संपली की उरलेला रस पोरं पिऊन टाकतात. ते पहिल्यांदा पाहून बायको पांढरीफटक पडली. तिच्यासाठी मिस्सात, म्हणजे कॅथलिक उपासनेत, पवित्र झालेली भाकर म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्त. उरली तर पेटीत ठेवून पुढे दिवा लावतात.

तिने दुसरा बाप्तिस्मा घेतला नाही. रविवारी माझ्यासोबत बसते, गाणी म्हणते, प्रभुभोजनाचं ताट आलं की स्वतः न घेता पुढे देते. आई वर्षभर रुसली होती.

तुम्ही आधी पाळकांना विचारा, सभासद व्हायला बुडूनच बाप्तिस्मा हवा का, की पहिल्याचा दाखला चालेल? काही मंडळ्यांत चालतो. नाहीच चालला तर बहिणीला सभासद न होताही उपासनेला बसता येतं.