मे महिन्यात मालवणला जाताना चेहरा काळवंडू नये म्हणून लिंबू चोळलं तर चालेल का?

नाही चालणार. लिंबाचा रस अंगावर ठेवून उन्हात गेलात तर फोड येतात, आणि फोड गेले तरी काळे डाग महिनोन्महिने राहतात. सनस्क्रीन घ्या, एसपीएफ ३० किंवा वरचं, आणि चेहरा-मानेला दोन बोटांवर पूर्ण रेघ काढून होईल तेवढं लावा, वाटाण्याएवढ्याने काही होत नाही.

पण मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. टॅनची काळजी फक्त फिरायला येणाऱ्यांनी करायची, इथल्या माणसांनी नाही, असं इथलेच लोक बोलतात. माझी आई मासे सुकवते. मे म्हणजे पावसाळ्याची बेगमी, वाळूवर जाळं पसरून त्यावर जवळा, मीठ लावलेले बांगडे, आणि कावळे-कुत्री टपलेली असतात म्हणून ती सावलीलाही जाऊ शकत नाही, ओणवी होऊन बांगडे उलटत राहते. डोक्यावर पदर असतोच, पण वाळूवरून ऊन खालून तोंडावर येतं त्याचं काय? मेच्या पहिल्या आठवड्यात मालवणात दुपारी सूर्य पार डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. दोन्ही गालांवर आणि ओठाच्या वर तिला दाट वांग, म्हणजे काळसर डाग, आले. मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता एक ट्यूब दिली, त्याने आधी चेहरा उजळला, मग लाल होऊन आग व्हायला लागली, गालावर बारीक शिरा दिसायला लागल्या. त्यात स्टिरॉइड होतं. स्किनच्या डॉक्टरांनी ती सोडवली आणि रंगाचं सनस्क्रीन दिलं, कारण वांग नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही वाढतात आणि त्यातलं आयर्न ऑक्साइड तो उजेड अडवतं.

काका म्हणाले, "आमी काळी मानसां, आमका ऊन काय करतला? हे सगळे नखरे." काळी त्वचा भाजते कमी हे खरं, पण डाग आपल्याच त्वचेवर जास्त पडतात आणि जास्त टिकतात. होडीला दर वर्षी रंग लावतात तेव्हा त्यांना खर्च दिसत नाही, बायकोच्या वा वहिनीच्या तोंडाला ट्यूब आणली की दिसतो. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे आणि परत बोलेन. गोरं व्हायचं म्हणून नाही लावत आई, तिची आग थांबली म्हणून लावते. साडीवर बाबांचा फुल बाह्यांचा शर्ट घालते, तो तर फुकटच आहे आणि क्रीमपेक्षा जास्त कामाचा.

तुमचं म्हणाल तर दहा ते चार किनाऱ्यावर जाऊ नका, ढग असले तरी. घाम आला किंवा समुद्रात डुंबलात की परत लावा, नाहीतर दर दोन तासांनी. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर सनस्क्रीन नको, सावलीतच ठेवा. आणि कोकमाचं तेल भेगांना उत्तम, मी स्वतः वापरते, पण त्याच्या भरवशावर उन्हात जाऊ नका.