एलपीटीच्या पोरांसाठी फंड काढताय? आधी सरांचं नाव घ्या, मग अकाउंट नंबर द्या

तुम्ही विचारलंय की बॅचला पंचवीस वर्षं होतायत, ग्रुपवर सात-आठ लाख जमतील असं वाटतंय, निम्मे लोक अमेरिका-कॅनडात आहेत, आणि एलपीटीला, म्हणजे लाइव्हस्टॉक प्रॉडक्ट्स टेक्नॉलॉजीत (मांसासारख्या पशुजन्य पदार्थांचं तंत्रज्ञान) एमव्हीएससी, पशुवैद्यकातली मास्टर्स, करणाऱ्या मुलांना मदत करायचीय, तर स्कॉलरशिप कशी सुरू करायची. मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजचाच, बरीच वर्षं अमेरिकेत मीट प्लांटमध्ये क्वालिटी बघतो, आणि हा उद्योग आमच्या बॅचने एकदा बिघडवून मग दुसऱ्यांदा नीट केलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा आम्ही काय केलं, तर ग्रुपवर "डिपार्टमेंटला मदत करूया" असा मेसेज टाकला. दोनशे अंगठे आले, पैसे दिले अकरा जणांनी. ते एका मित्राच्या सेव्हिंग खात्यात गेले, मग त्याच्या सीएने त्याला झापलं, मग कोणीतरी हिशोब मागितला आणि दोघं आजही बोलत नाहीत. एका कंपनीने पैसे देऊ म्हणून सांगितलं, त्यातून निघाला एक बॅनर आणि वीस जणांना बॅगा.

नंतर डोकं लागलं ते इथलं बघून. अमेरिकन मीट सायन्स असोसिएशनचं दरवर्षी एक अधिवेशन असतं, रेसिप्रोकल मीट कॉन्फरन्स, १९४८ पासून चालू आहे, आणि त्यांच्या फाउंडेशनमध्ये असा प्रकार आहे की तुम्ही तुमच्या गाइडच्या, मेंटरच्या नावाने पैसे टाकायचे आणि ते विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांसाठी लागतात. साधी गोष्ट आहे हो. आपल्याकडे तर गुरुदक्षिणा म्हटलं की माणूस आपोआप खिशात हात घालतो. आम्ही आमच्या रिटायर झालेल्या सरांचं नाव लावलं (त्यांना विचारून, आधी नकोच म्हणाले) आणि ज्यांनी पहिल्यांदा नुसता अंगठा दाखवला होता त्यातल्याच लोकांनी फोन करून करून पैसे दिले, कारण प्रत्येकाला सरांनी कधी ना कधी व्हायवात वाचवलेलं होतं.

आता पैसे कुठल्या खात्यात, इथे घाई करू नका. माजी विद्यार्थ्यांचा रजिस्टर्ड ट्रस्ट असेल तर त्याच्यातच वेगळा फंड करा, नवीन संस्था काढायच्या भानगडीत पडू नका. ८०जी (देणगीवर आयकरात वजावट मिळते ते) आहे का बघा, पण नवीन टॅक्स रिजीमवाल्यांना त्याचा उपयोग नाही हे आधीच सांगून टाका नाहीतर मार्चमध्ये शिव्या खाल, आणि दोन हजारांच्या वर कॅश दिली तर वजावट कोणालाच मिळत नाही. परदेशातल्या लोकांचं असं आहे की ज्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर ती परदेशी देणगी धरत नाहीत, पण ज्याने इथलं नागरिकत्व घेतलं, ओसीआय कार्डवाला, तो कायद्याने परदेशी, त्याचे पैसे घ्यायला ट्रस्टकडे एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची) आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरलेलं खातं लागतं. ही नोंदणी नव्या संस्थेला मिळतही नाही, तीन वर्षं जुनी आणि त्या काळात पंधरा लाख खर्च केलेली असावी लागते. म्हणून ग्रुपवर पैसे मागायच्या आधी कोणाचा पासपोर्ट कुठला ही यादी करा, हसू नका, आमचं इथेच घोडं अडलं होतं.

आणि स्कॉलरशिप म्हणून एकाला पन्नास हजार देऊन फोटो काढू नका. सात लाखांची एफडी केली, सात टक्के धरले, तर वर्षाला ४९ हजार हातात येतात. एवढ्यात चार-पाच जणांची खरी अडचण सुटते. आम्ही पहिली मदत केली ती मुलगी बोकडाच्या मटणावर काम करत होती. पहाटे देवनारच्या कत्तलखान्यात पोचायचं, सॅम्पल घ्यायचं, थर्माकोलच्या डब्यात बर्फ, डबा मांडीवर घेऊन टॅक्सीने परळला, कारण लोकलमध्ये लोक नाक मुरडतात. जनावर कापल्यावर मांसाचा पीएच सातच्या आसपास असतो तो चोवीस तासांत साधारण साडेपाचवर येतो, आणि जनावर आधीच दमलेलं-घाबरलेलं असेल तर स्नायूत ग्लायकोजेन (साठवलेली साखर, जिचं आम्ल होऊन पीएच उतरतो) उरत नाही, पीएच सहाच्या वरच राहतो, मांस काळपट होतं आणि लवकर खराब होतं. हे मोजायला ती ठराविक तासांनी रात्रभर उठत होती आणि मांसात खुपसायचा प्रोबच तुटलेला. नवीन प्रोब, टॅक्सी आणि बर्फ, एवढंच मागितलं तिने. घरी सांगितलं होतं "फूड टेक्नॉलॉजी करते", मटणावर डिग्री म्हटलं की स्थळं येत नाहीत म्हणे!

मेंटरचं म्हणाल तर पैसे देणाऱ्यातल्या प्रत्येकाला विचारा, महिन्यातून पाऊण तास देशील का. आमच्यात चाळीसातले सहा हो म्हणाले आणि चार टिकले. पण त्या चारांनी सीव्ही तपासले, पेपरचं इंग्रजी सुधारलं, एकाला हैदराबादजवळ चेंगिचेर्लाच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेत ट्रेनिंगला कोणाला लिहायचं ते सांगितलं, दोघांना चिकन प्रोसेसिंग प्लांटमध्ये इंटरव्ह्यूला हॅसॅपवर (अन्नसुरक्षेची धोके ओळखून रोखायची पद्धत) काय विचारतात त्याची तालीम दिली. मला स्वतःला एका मुलाने सहा महिने एकही प्रश्न विचारला नाही, नुसतं "येस सर", मग एकदा हळूच विचारलं की सर तुम्ही शाकाहारी घरातले ना, चव घ्यायच्या पॅनेलला कसं बसलात. त्या दिवसापासून तो बोलायला लागला. (वास घेतला आणि मार्क दिले, असं खरं उत्तर दिलं मी. दुसऱ्या सेमिस्टरला खाल्लं.)

खर्चाची शीट आम्ही अगदी साधी ठेवलीय, बिलाचा फोटो आणि एक ओळ, दर तिमाहीला ग्रुपवर. हवी असेल तर सांगा, नावं काढून पाठवतो.